मोसंबीची सुरी

या शनिवारी खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं ठरवलं होतं. पण गेले काही दिवस एक सुरी डोक्यातून जात नाहीये, तेव्हा आधी ती बाहेर काढतो. (वाक्य वाचून घाबरू नका, सुरी साधी आहे. स्वयंपाकघरातली.)

तर झालं असं. २०२४ची दिवाळी. भाऊबीज रविवारी आली होती, ३ नोव्हेंबरला, आणि सोमवारी ऑफिस. बहिणीकडून ओवाळून घेतलं, जेवलो आणि दुपारी जालन्याहून पुण्याला निघालो. आईने नेहमीप्रमाणे डिकीत मोसंबीचं एक कॅरेट ठेवलं आणि पुढच्या कप्प्यात घरातली लाकडी मुठीची सुरी टाकली. "रस्त्यात खा. हाताने सोलत बसलास की स्टिअरिंग चिकट होतं." आईचं लॉजिक नेहमीच बिनतोड असतं.

विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस. २० नोव्हेंबरला मतदान होतं, त्यामुळे रोख रक्कम शोधायला ठिकठिकाणी नाकाबंदी. अशाच एका नाक्यावर गाडी थांबवली. डिकी बघून झाली, मग हवालदारसाहेबांनी पुढचा कप्पा उघडला आणि सुरी हातात घेतली.

"हे काय हाय?"

"सुरी आहे साहेब. मोसंबी कापायला. आईने दिलीय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मागच्या सीटवरच्या लॅपटॉपच्या बॅगेकडे बघितलं, आरशाला लटकवलेल्या कंपनीच्या आयकार्डकडे बघितलं.

"आयटीत का?"

"हो."

"आमचा पुतण्या बी हाय तिकडं, हिंजवडीला. जावा. पण ही अशी हाताशी ठेवू नका, पेपरात गुंडाळून डिकीत टाका."

झालं. दोन मिनिटांत मोकळा. पुढच्या चहाच्या टपरीवर थांबून शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर किस्सा टाकला, 'आईच्या सुरीपायी आत जाता जाता वाचलो'. वीस-पंचवीस जण हसले. कुणीतरी माझा कैद्याच्या कपड्यातला फोटोही बनवून टाकला.

एक जण मात्र हसला नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

हा माझा शाळेतला मित्र. नाव लिहीत नाही. सहावी ते दहावी एका बाकावर बसलो. आता तो पिकअप चालवतो. अंबड, घनसावंगीच्या बाजूने मोसंबीची कॅरेट भरायची आणि जालन्याच्या मार्केटला आणून टाकायची, हा त्याचा धंदा. महिनाभराने त्याचा फोन आला. "तुला एक विचारायचंय. तुला कसं सोडलं?"

आणि मग त्याने त्याची गोष्ट सांगितली. माझ्या नंतर आठ-दहा दिवसांची. रात्री अकरा-साडेअकराची वेळ. माल उतरवून रिकामी गाडी घेऊन घरी निघालेला. जिल्ह्यातल्याच एका नाक्यावर तपासणी. सीटच्या बाजूला चाकू सापडला. आठवडी बाजारात लोहाराकडून घेतलेला, पातं वीतभरही नाही. कॅरेट बांधलेल्या नायलॉनच्या दोऱ्या कापायला तो हा चाकू वापरतो.

"हे काय हाय?"

"चाकू आहे साहेब. दोऱ्या कापायला."

"रिकाम्या गाडीत कसल्या दोऱ्या?"

बघा, प्रश्न तोच. उत्तरही जवळपास तेच, आणि तितकंच खरं. पण त्याच्याकडे लॅपटॉपची बॅग नव्हती. दिवसभर कॅरेट उचलून मळलेला शर्ट होता. रात्रभर त्याला बसवून ठेवलं, पंचनामा झाला, चाकू सील झाला, सकाळी नोटीस देऊन सोडलं. गाडी हातात यायला आणखी काही दिवस गेले, तेवढ्या भाड्यावर पाणी. गुन्हा लागला मुंबई पोलीस कायदा कलम ३७(१), १३५. (नाव बदलून आता महाराष्ट्र पोलीस कायदा झालंय, पण बोलताना सगळे जुनंच नाव घेतात.)

मी वकील नाही. पण आपल्याला सवय असते ना, एरर आली की मुळापर्यंत जायची, तसा मी या कलमांच्या मागे लागलो. जे सापडलं ते सोपं करून सांगतो, कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या गाडीत किंवा ट्रेकच्या सॅकमध्ये या क्षणी एखादी सुरी असणार.

आपल्याकडे यासाठी दोन कायदे आहेत. पहिला शस्त्र अधिनियम, १९५९ सालचा. पेपरात 'आर्म्स अॅक्ट ४/२५' असं वाचतो तो हा. त्याची व्याख्या चक्क समंजस आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून बनवलेली वस्तू म्हणजे शस्त्र, आणि निव्वळ घरकामाच्या किंवा शेतीच्या वस्तू त्यातून वगळलेल्या. साधी लाठी, चालायची काठी हीसुद्धा वगळल्याचं कायद्यातच लिहिलंय. २०१६च्या शस्त्र नियमांत तर मापही दिलंय. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद, आणि तेसुद्धा घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेलं नसेल तर. यात सापडलात तर एक ते तीन वर्षांची शिक्षा. म्हणजे माझी सुरी आणि मित्राचा चाकू, दोन्ही या कायद्याच्या बाहेर. इथवर सगळं ठीक.

दुसरा कायदा १९५१चा, पोलीस कायदा. त्याच्या कलम ३७(१)खाली जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त शांततेसाठी आदेश काढू शकतात की, अमुक दिवस अमुक हद्दीत कुणी हत्यार बाळगू नये. यादीत तलवारी, भाले, बंदुका तर आहेतच, पण सुरे, काठ्या, लाठ्याही आहेत आणि शेवटी 'शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू' हे शब्द आहेत. इथे माप नाही आणि वस्तू कशासाठी बनवली हा प्रश्नही नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्या कायद्यात नीट कंडिशन लिहिलीय आणि दुसऱ्यात सरळ स्टार टाकून दिलाय. शारीरिक इजा स्क्रू-ड्रायव्हरनेही करता येते, जॅकच्या रॉडनेही करता येते. माझ्या आजीच्या अडकित्त्यानेसुद्धा!

आदेश मोडला तर कलम १३५. शिक्षा एक वर्षापर्यंत, आणि न्यायाधीशांनी लेखी कारण दिलं नाही तर चार महिन्यांपेक्षा कमी नाही.

आता तुम्ही म्हणाल, असे आदेश कितीदा निघत असतील? जालन्यात राहून बघा. सण, जयंत्या, निवडणुका, मोर्चे, उपोषणं, काही ना काही चालूच असतं. अंतरवाली सराटी आमच्याच अंबड तालुक्यातली. १ सप्टेंबर २०२३ला तिथे लाठीमार झाला आणि गावाचं नाव देशभर गेलं. फेब्रुवारी २०२४मध्ये अख्ख्या अंबड तालुक्यात संचारबंदी होती. साधारण पंधरवड्याचा एक आदेश संपतो आणि पुढचं निमित्त तयार असतं. कायदा म्हणतो आदेश जाहीरपणे प्रसिद्ध करा. तो होतही असेल, पण रात्री रिकामी गाडी घेऊन घरी जाणारा माणूस तो कुठे वाचणार? मीही त्या दिवाळीत वाचला नव्हता.

बरं, पोलिसांची बाजूही समजून घ्यायला हवी. एप्रिल २०२२मध्ये धुळे जिल्ह्यात सोनगीरजवळ पोलिसांनी एक स्कॉर्पिओ पकडली. आत ८९ तलवारी आणि एक खंजीर. माल चित्तोडगडहून निघाला होता, आणि पकडलेले चौघे होते जालन्याचे. त्याआधी मे २०१८मध्ये औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) दंगल झाली, आणि त्याच महिन्यात तिथे ऑनलाइन मागवलेल्या तलवारी, चाकू पोलिसांनी कुरिअरच्या ऑफिसातून जप्त केले. खेळणी, घरसामान बुक करावं तशी लोकांनी ती बुक केली होती. असं सगळं घडत असताना नाक्यावरच्या माणसाने गाडी तपासू नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? ती ८९ तलवारींची गाडी अशीच तपासणीत सापडली म्हणून सापडली.

पण त्या तलवारींसाठी स्टारवालं कलम लागत नाही. तिथे १९५९चा कायदा, त्याचं माप आणि त्याची शिक्षा पुरेशी आहे. 'कोणतीही वस्तू' हे शब्द लागतात ते मित्राच्या चाकूसारख्या वस्तूंना. आणि जिथे वस्तूवरून काही ठरत नाही, तिथे माणसावरून ठरतं. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. हवालदारसाहेबांनी त्या दिवशी सुरी तपासलीच नाही, त्यांनी मला तपासलं आणि पास केलं. मित्राला तपासलं आणि नापास केलं. दोघं हवालदार वाईट होते असं नाही. माझ्याशी बोलले ते तर फार चांगले बोलले. पण नियमच असा लिहिलाय की दोन मिनिटांत, बॅटरीच्या उजेडात, शर्ट आणि भाषा बघूनच निर्णय घ्यावा लागतो.

कोयत्याचंच बघा ना. आमच्याकडून, बीडकडून दिवाळी झाली की ऊसतोडीची माणसं कारखान्यांकडे निघतात. त्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडे उचल घेताना हिशोबच होतो, किती कोयते म्हणून. तोच शब्द पुण्यात २०२२-२३ला 'कोयता गँग' म्हणून आला, आणि पुणे पोलिसांनी कोयतेवाल्यांना पकडणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी बक्षीस जाहीर केलं. पुण्यात दहशत खरी होती, त्याबद्दल वाद नाही. पण बक्षीस कोयत्याच्या नगावर लावलं की कोयत्याच्या मागचा माणूस दिसेनासा होतो.

आता मित्राच्या मूळ प्रश्नाकडे येतो. त्याला दुबईला ड्रायव्हर म्हणून जायचंय. एजंटशी बोलणं झालंय, पासपोर्ट काढायचाय. पासपोर्ट कायदा १९६७ सालचा. त्यात असं आहे की कोर्टात फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. १९९३च्या एका अधिसूचनेने वाट ठेवलीय, ज्या कोर्टात खटला आहे त्या कोर्टाची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळू शकतो. म्हणजे आणखी एक अर्ज, आणखी तारखा, आणखी फी.

त्याच्या वकिलांनी व्यवहारी सल्ला दिला, "कबूल करून टाक. नवीन पोरगा आहेस, मागे काही नाही. साहेब कारण लिहून कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि थोडा दंड लावतील. एका दिवसात मोकळा." आणि गंमत बघा, हे कायद्याच्या दृष्टीनेही बरोबर आहे! शिक्षा झाल्यामुळे पासपोर्ट नाकारायचा तर ती नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी, किमान दोन वर्षांची आणि गेल्या पाच वर्षांतली असावी लागते. दंड भरलेल्याला हे लागू होत नाही. म्हणजे गुन्हा केला म्हणाला तर पासपोर्टची वाट मोकळी आणि केला नाही म्हणाला तर अडलेली. फक्त पुढे जिथे जिथे 'कधी शिक्षा झाली आहे का' असा रकाना येईल तिथे आयुष्यभर 'हो' लिहायचं. दोऱ्या कापल्याबद्दल.

हा रकाना आपल्यालाही नवीन नाही. कंपनी बदलताना बॅकग्राउंड चेकचा फॉर्म भरतो त्यात असतो. अमेरिकेच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये तर कधी अटक झाली होती का इथपासून विचारतात. त्या दिवशी हवालदारसाहेबांचा पुतण्या हिंजवडीला नसता, तर? हा विचार मी बरेच दिवस टाळत होतो.

बाहेर काय करतात तेही जरा बघितलं. ब्रिटनमध्ये चाकूबाबत आपल्यापेक्षा कडक कायदा आहे. १९८८च्या त्यांच्या कायद्यात तीन इंचांपेक्षा कमी पात्याचा घडीचा चाकू चालतो, बाकी काही सार्वजनिक जागी बाळगायचं तर सबळ कारण तुम्हीच पटवून द्यायचं. जपानमध्ये सहा सेंटिमीटरच्या वरचं पातं योग्य कारणाशिवाय जवळ बाळगता येत नाही. कडक आहेत, पण दोन्हीकडे माप लिहिलेलं आहे, आणि कारण सांगायला जागा ठेवलेली आहे. ब्रिटनच्या कायद्यात तर 'कामासाठी जवळ होता' हा बचाव शब्दांत लिहिलाय. त्या कायद्यात माझ्या मित्राच्या वाक्याला किंमत असती.

मग करायचं काय? माझ्या अल्पमतीला तीन गोष्टी सुचतात, आणि तिन्हींना नवा कायदा लागत नाही.

एक, आदेशातच एक ओळ घाला. शेतीचं, घरकामाचं किंवा धंद्याचं अवजार, त्या कामासाठी नेता-आणताना, या आदेशातून वगळलं आहे. १९५९च्या कायद्याला जे जमलं ते पंधरवड्याच्या आदेशाला का जमू नये?

दोन, पंचनाम्यात पात्याची लांबी लिहा, गाडीत आणखी काय मिळालं ते लिहा आणि माणूस काय म्हणाला ते लिहा. मित्राच्या पिकअपच्या हौद्यात त्या रात्रीही दोऱ्यांचे तुकडे पडलेले होते. पंचनाम्यात त्यांचा उल्लेख नाही.

तीन, जिथे भांडण नाही, धमकी नाही, मागचा गुन्हा नाही, तिथे वस्तू काढून घ्या, समज द्या आणि सोडा. मला सोडलं तसंच.

यावर एक आक्षेप नक्की येणार. मग काय, प्रत्येक गुंड सांगेल की मी कलिंगड कापायला चाललोय! सांगेल. एखादा सुटेलही. पण आजही तो सुटतोच, शर्ट कडक इस्त्रीचा असला आणि बोलणं गोड असलं की. आपल्या कामात स्पॅम फिल्टर लिहिताना आपण चुकून अडकलेल्या मेलचाही हिशोब ठेवतो. इथे चुकून अडकलेल्या माणसाचा हिशोब कुणीच ठेवत नाही, कारण बरेचसे कबूल करून घरी जातात आणि कागदावर ते गुन्हेगारच दिसतात.

वाचणाऱ्यांसाठी एवढंच. फळांची सुरी न्यायची असेल तर फळांच्या पिशवीतच, गुंडाळून, डिकीत ठेवा. सीटखाली, दाराच्या कप्प्यात नको. विचारलं तर खरं ते सांगा. सही करण्याआधी कागद वाचा, आणि नोटिशीची प्रत मागून घ्या. वकिलाची फी झेपत नसेल अशा कुणाला ओळखत असाल, तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं हे त्याला सांगा. मित्राला हे माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

फोन ठेवण्याआधी त्याने विचारलं होतं, "तू असतास तर काय केलं असतंस?"

मी पटकन म्हणालो, "लढलो असतो."

तो हसला. "तू तिथं नसतासच रे."

त्याने कबूल केलेलं नाही. तारखा चालू आहेत, प्रत्येक तारखेला एक दिवसाचं भाडं बुडतं. वकिलांची फी मी देतो म्हणालो तर नको म्हणाला, "तेवढं पासपोर्टच्या कागदांचं इंग्रजी बघून दे." ते दिलंय. दुबईवाला एजंट अजून थांबलाय, किती थांबेल माहीत नाही.

परवा पुण्याला येताना आईने पुन्हा कॅरेट दिलं आणि सुरी ठेवायला लागली. मी ती काढून परत ओट्यावर ठेवली. "मग खाशील कसा?" म्हणाली. म्हटलं, सोलून खाईन.

असो. पुढची तारीख सोमवारी आहे. मी जातोय. सुट्टीचा अर्ज टाकलाय, कारणाच्या रकान्यात 'पर्सनल' लिहिलंय.